मदत हवी आहे: आयनीभवनाच्या सूत्रातला लॉग कसा समजावू?

पुण्यात टी.वाय.बी.एस्सी.ला शिकवते. इलेक्ट्रॉनच्या धडकेने हायड्रोजनचं आयनीभवन (अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) हा विषय घेतेय. थॉमसनच्या 1912 च्या सूत्राने काटछेदाची (आयनीभवनाच्या शक्यतेच्या मापाची) कमाल 27 इलेक्ट्रॉनव्होल्टला येते, पुढे तो 1/E ने घटतो (E म्हणजे धडकणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा). प्रयोगात मात्र कमाल बरीच पुढे, आणि वेगवान कणांसाठी बेथेचं 1930 चं ln E/E बरोबर ठरतं. लॉग येतो तो दुरून जाणाऱ्या कणांमुळे, आणि खरी गंमत तिथेच आहे! बोरच्या पद्धतीने आघाताच्या अंतरावर (कण अणूपासून किती दुरून जातो त्यावर) संकलन करून पाहिलं. वरची मर्यादा v/ω (कणाचा वेग भागिले अणूतल्या इलेक्ट्रॉनची कोनीय वारंवारता) मुलांना पटते. बॉर्न सन्निकटन (टकरीचं अंदाजे क्वांटम गणित) त्यांना अभ्यासक्रमात नाही आणि तास एकच आहे. मग खालची मर्यादा कोणती धरू: अणूचा आकार की धडकणाऱ्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी, आणि का?