मदत हवी आहे: चाकणचं काम सोडून गावी आलो, ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळेल का?

अडाणकाठ
नमस्कार मंडळी. चाकणला ठेकेदाराच्या पेरोलवर साडेतीन वर्षं काम. ग्रॉस पगार १५,०००, ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफ दोन्हीची कपात. घरच्या शेतीसाठी राजीनामा देऊन ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुटलो. आता कुटुंबासह दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) गावी. राजीनाम्यात कारण ‘मूळ गावी स्थलांतर’ असं लिहिलंय.

ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत मला बेरोजगारी भत्ता मिळतो का? अर्ज पुण्यात करायचा की इकडे? पीएफ कधी काढता येईल? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, महिना ५,०००’ अशी लिंक फिरते, ती खरी का? तालुक्याचा नेट कॅफेवाला ‘कंपनीनं काढलं असं लिहून फॉर्म भरून देतो’ म्हणतो.

पंचदीप
भाऊ, स्वतःहून राजीनामा दिला असेल तर हा भत्ता मिळत नाही. योजना काम गेलेल्यांसाठी आहे, काम सोडलेल्यांसाठी नाही. गैरवर्तनाबद्दल काढलेला, वयोमानानं निवृत्त झालेला आणि स्वेच्छेनं सोडून गेलेला, हे तिन्ही बाद. गावी जाणं, जोडीदाराची बदली, आईवडिलांचं आजारपण, शेती, यातल्या कशालाच अपवाद ठेवलेला नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत जोडीदाराच्या बदलीमुळे नोकरी सोडली तरी भत्ता मिळतो. यूट्यूबवर तिकडची माहिती आपल्या योजनेच्या नावाखाली खपवतात, म्हणून लोक गोंधळतात.

कॅफेवाल्याचं अजिबात ऐकू नका. ठेकेदार दर महिन्याची ईएसआय भरतो तेव्हा सुटलेल्या कामगारापुढे कारणाचा क्रमांक आणि शेवटचा कामाचा दिवस टाकतो. २ म्हणजे काम सोडलं, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. तुमच्या नावापुढे २ असणार आणि ठेकेदाराच्या फायलीत तुमच्या सहीचा राजीनामा. अर्जात ‘काढलं’ लिहिलं की दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतात. मग नुसता अर्ज फेटाळून भागत नाही, खोट्या विधानाला कायद्यात शिक्षा आहे.

उलटंही होतं, आणि ते जास्त वेळा होतं. ठेक्याची मुदत संपली म्हणून सगळ्यांना घरी पाठवतात आणि ठेकेदाराचा कारकून सवयीनं सगळ्यांपुढे २ टाकून मोकळा होतो. असा कोणी हा धागा वाचत असेल तर आधी ठेकेदाराकडून ‘ठेका संपल्यामुळे सेवा समाप्त’ असं लेखी घ्या, मगच अर्ज करा.

ज्यांना लागू होतं त्यांच्यासाठी हिशेब: सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी, लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (म्हणजे ईएसआयची कपात) आणि आधीच्या तीन कालावधींपैकी एकात ७८ दिवस. कालावधी वर्षात दोन: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. चार कालावधींची एकूण कमाई भागिले ७३० म्हणजे रोजची सरासरी, तिच्या ५० टक्के, आयुष्यात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस. १५,००० पगारावर दोन वर्षांचे ३,६०,००० होतात, सरासरी ४९३, निम्मे साधारण २४६ रुपये ५० पैसे, ९० दिवसांचे अंदाजे २२,१९०. पूर्वी दर २५ टक्के होता. ५० टक्क्यांच्या सवलतीला ३० जून २०२६ पर्यंतची मुदत दिलेली होती.

काम सुटून ३० दिवस झाले की विमा क्रमांकानं ईएसआयच्या पोर्टलवर लॉगिन करून या भत्त्याचा एबी-१ अर्ज भरायचा. मालकाच्या सहीची गरज नाही. प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढली, तरी काही दुकानदार अजून स्टॅम्प पेपर विकतात. आधार आणि पासबुकाची स्कॅन प्रत तिथेच चढवा. चढवली नसेल तर सही केलेली छापील प्रत तुमच्या शाखा कार्यालयाला, पोस्टानं पाठवली तरी चालते. म्हणजे पात्र असता तरी पुण्याला जाण्याचं कारण नव्हतं.

अडाणकाठ
स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. म्हणजे ईएसआय आता पूर्ण बंद समजायचं का? वडिलांचं नाव कार्डावर आहे, त्यांना शुगर आहे.

पंचदीप
बंद नाही, आणि नेमकं इथेच लोक कार्ड कपाटात टाकून देतात. अंशदान आणि लाभ यांचे कालावधी एकामागे एक सरकतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या कपातीवर पुढच्या जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या कपातीवर जुलै ते डिसेंबर. तुमची एप्रिल ते सप्टेंबर २०२५ पूर्ण भरलेली आहे, त्यामुळे ३० जून २०२६ पर्यंत उपचार चालतात. ऑक्टोबरमध्ये फक्त ३१ दिवस भरले, ते ७८ च्या खाली, म्हणून जुलैपासून नाही.

मात्र नोंदीत दवाखाना चाकणकडचाच असणार. पोर्टलवर पत्ता आणि दवाखाना बदलून इकडचा जवळचा निवडा आणि ई-पहचान पत्र (ईएसआयचं कार्ड) नव्यानं छापा. वडील तुमच्यावर अवलंबून असल्याचं दाखवलेलं आहे ना, तेही त्याच वेळी बघा. नसेल तर रुग्ण दारात गेल्यावर वाद होतो.

पीएफची_पासबुक
पीएफचं मी सांगतो. तिथे तुम्ही का सोडलं याला महत्त्व नाही. पैसा तुमचाच आहे.

पहिलं काम, पीएफच्या पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडून सुटण्याची तारीख दिसते का बघा. ठेकेदार ती टाकत नाहीत आणि तारखेशिवाय पूर्ण हिशेबाचा दावा सरकतच नाही. शेवटचं अंशदान जमा होऊन दोन महिने उलटले की ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मधून तुम्हाला स्वतः तारीख टाकता येते. आधारच्या ओटीपीवर होतं. ज्या महिन्याचं शेवटचं अंशदान आहे त्याच महिन्यातली तारीख टाका. एकदा नोंदली की दुरुस्ती कटकटीची.

पुण्यात घेतलेलं सिम बंद करून इकडे नवं घेतलं असेल तर आधी आधार केंद्रावर मोबाईल क्रमांक बदला, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जातो आणि सगळं अडतं.

दुसरं, बँक. खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं असेल तर ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. केवायसीत जुना आयएफएससी असेल तर रक्कम परत जाऊ शकते. शाखेतून आजचा कोड विचारून केवायसी नव्यानं मंजूर करून घ्या, मग दावा टाका.

किती आणि कधी: जुना नियम एका महिन्यानं ७५ टक्के, दोन महिन्यांनी पूर्ण. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की ७५ टक्के लगेच, पूर्ण हिशेब १२ महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम ३६ महिन्यांनी. दावा टाकायला गेल्यावर यादीत १९ (पीएफचा पूर्ण हिशेब) आणि १०सी (पेन्शनचा भाग) हे नमुने दिसले तर पूर्ण हिशेब खुला आहे. नुसता ३१ (काही भाग काढण्याचा नमुना) दिसला तर ७५ टक्क्यांपर्यंतच घ्या.

सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आहे. रक्कम ५०,००० च्या वर गेली तर पॅन जोडलेला असताना १० टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर कर न कापण्याचं स्वघोषणापत्र दाव्यासोबतच द्यायचं, नंतर दिलेलं उपयोगाचं नाही. पेन्शनचा भाग मात्र मी काढला नसता. पुन्हा कुठे पीएफवाली नोकरी धरायची थोडी जरी शक्यता असेल तर १०सी मध्ये रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. ही साडेतीन वर्षं पुढच्या सेवेत मिळतात आणि मासिक पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांत धरली जातात.

पांदणरस्ता
राजेहो, ज्या भत्त्याला नोकरी काहून सोडली हे कोणी विचारतच नाही तो तुम्ही सगळे विसरले. रोजगार हमीचा!

गावात राहता म्हणजे जॉब कार्डावर नाव चढवता येते. वडिलांच्या कार्डात टाका नाहीतर वेगळ्या कुटुंबाचं काढा. मग ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागा. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर राज्य सरकारनं बेरोजगार भत्ता द्यायचा असतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव, पुढे निम्मा. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, म्हणजे ७८ आणि मग १५६. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे.

गाडी अडते ती पोचपावतीवर. रोजगार सेवक ‘नाव लिहून घेतलं, काम निघालं की सांगतो’ म्हणते आणि तारखेची पोच देत नाही. पोच नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून? देत नसेल तर तोच अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याच्या आवकमध्ये शिक्का मारून द्या. आणि काम निघाल्यावर गेले नाही तर भत्ता बंद, मग ते पांदणीचं असो की शेततळ्याचं. हमीचे दिवस कुटुंबाला आहेत, माणशी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर झाला, म्हणून पंचायतीत आज कोणता अर्ज चालते ते विचारून घ्या.

त्या ५,००० च्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. असा सरसकट मासिक भत्ता राज्यात चालू नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे ६, ८ आणि १० हजार हे शिक्षणाप्रमाणे मिळणारं विद्यावेतन आहे, १८ ते ३५ वयाच्या लोकांना, आस्थापनेत रोज हजर राहून.

बुटीबोरी_शिफ्ट
थोडं वेगळं विचारतो. आमचं युनिट कंपनी दुसऱ्या राज्यात हलवते आहे. ‘तिकडे या नाहीतर राजीनामा द्या’ असं तोंडी सांगतात. तिकडे जाणं शक्य नाही. हेही स्वेच्छेनं सोडणंच धरतील का?

पंचदीप
राजीनाम्यावर सही केली तर धरतील. सही करू नका. नेमणूकपत्रात बदलीचं कलम आहे का ते आधी वाचा. असेल आणि लेखी बदली आदेश आला तर नुसतं घरी बसू नका, गैरहजेरी म्हणून कारवाई होईल. न जाण्याचं कारण लेखी कळवा आणि पोच घ्या. कलम नसेल तर युनिट बंद होत असल्याची लेखी सूचना आणि नुकसानभरपाई मागा. कपातीत ती प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार अशी असते.

कारखाना बंद झाल्यामुळे किंवा कपातीत काम गेलं तर ईएसआयची दुसरी योजनाही आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. त्यात २४ महिन्यांपर्यंत मिळतं, पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. अटल योजनेच्या ९० दिवसांपेक्षा ती कितीतरी मोठी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. म्हणून युनिट बंद झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय अटलचा अर्ज घाईनं टाकू नका. आधी नागपूरच्या ईएसआय कार्यालयात तो कागद दाखवून तुमचं प्रकरण कशात बसतं ते विचारा.

अडाणकाठ
सगळ्यांचे आभार. पोर्टलवर पाहिलं, सुटण्याची तारीख ठेकेदारानं टाकलेलीच नाही. शेवटचं अंशदान ऑक्टोबरचं दिसतं.

पीएफची_पासबुक
मग ते ऑक्टोबरचं अंशदान पासबुकात कोणत्या तारखेला जमा झालं ते बघा. दोन महिने त्या तारखेपासून मोजा, तुम्ही काम सोडलं त्या दिवसापासून नाही.