चर्चा: पाकीट बंद आहे म्हणून खाद्यपदार्थ जाहीर न करणे योग्य आहे का?

निवृत्त शिक्षिका, सांगली (धागा सुरू करणाऱ्या)

गेल्या दिवाळीपूर्वी मी मुलीकडे मेलबर्नला गेले. बॅगेत चकली, लसणाची शेव आणि कंदी पेढे होते, आणि सगळे दुकानातून सीलबंद करून घेतलेले होते. उतरण्याआधी भरावयाच्या पत्रकात मांस, अंडी, दुग्धजन्य पदार्थ, धान्य, बिया यांपैकी काही सोबत आहे का, असे विचारलेले असते. शेजारच्या आसनावरील गृहस्थांनी आपुलकीने सांगितले, "पाकीटबंद आहे ना, मग 'नाही'वर खूण करा, उगाच रांगेत अडकाल." मी 'होय'वर खूण केली. तपासणीच्या टेबलावर अधिकारी बाईंनी चकलीचे पाकीट उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिले, घटकपदार्थ वाचले आणि परत दिले. पेढ्यांचा खोका मात्र काढून घेतला. दंड झाला नाही, कुणी आवाजही चढवला नाही. पण परत आल्यावर ओळखीच्या चार जणांनी मला भोळी ठरवले, म्हणून हा विषय मांडते आहे. माझे मत असे की, पाकीट बंद असणे हे त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे.

विरोधी मत: न्यू जर्सीतील वाचक

ताईंच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण नियमाबद्दल नाही. हीच चकली, हीच बाकरवडी इथल्या भारतीय किराणा दुकानात मांडलेली असते. तिथे ती चालते आणि सत्तरीच्या आजोबांच्या बॅगेतून आली की संशयास्पद ठरते, हे मला पटत नाही. शिवाय खरे सांगणाऱ्याची बॅग उघडली जाते आणि लपवणारा बहुधा दहा मिनिटांत बाहेर पडतो. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आईवडिलांनी सोळा-सतरा तासांच्या प्रवासानंतर बारीक अक्षरांतले पत्रक अचूक भरावे, अशी अपेक्षा ठेवणे कठोर आहे.

कृषी पदवीधर, अकोला

दुकानातला माल आणि बॅगेतला माल एकच दिसतो, पण त्यांचे मार्ग वेगळे असतात. कंटेनरमधून जाणाऱ्या मालाला आयातीच्या अटी लागू असतात, त्याची कागदपत्रे असतात आणि दोष आढळल्यास तो कोणत्या कारखान्यातून निघाला हे शोधता येते. बॅगेतल्या पाकिटामागे यातले काहीच नसते. पाकिटावर एफएसएसएआय या भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असला, तरी तो अन्नसुरक्षेच्या नियमांबद्दल आहे, कीड आणि जनावरांच्या रोगांबद्दल नाही.

हा कायदा कुणाचा अपमान करण्यासाठी केलेला नाही. साठवलेल्या धान्याला लागणारी खापरा भुंगेरा ही कीड मूळची आपल्याच उपखंडातली. तिची अळी अन्नावाचून दीर्घकाळ फटींत दडून जगते, त्यामुळे गोदामात एकदा शिरली की तिला हुसकणे फार अवघड जाते. कॅलिफोर्नियात ही कीड 1953 मध्ये सापडली आणि तिच्या निर्मूलनाची मोहीम 1966 पर्यंत चालली. याच किडीच्या धास्तीने ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, मूग, शेंगदाणे, जिरे, धने आणि सुक्या मिरच्यासुद्धा आणण्यास बंदी केली आहे. तळलेल्या, भाजलेल्या तयार पदार्थांचा धोका बराच कमी असतो, म्हणून चकली परत मिळाली.

पेढ्यांचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत रोग तिकडे नाही, आणि त्याचा विषाणू दूध व मांस यांतून जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये 2001 साली या रोगाची साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ज्याच्या दावणीला चार गाई आहेत, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

दुबईतील वाचक

चर्चा कीड आणि गुरांवर थांबली आहे, म्हणून एक वेगळा धोका सांगणे मला आवश्यक वाटते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस निषिद्ध आहे आणि तिचा संबंध अमली पदार्थांच्या कायद्याशी येतो. अनारसे खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणात ती असते, बाकरवडीच्या मसाल्यातही असते. पाकिटावर घटकपदार्थांत ती स्पष्ट छापलेली असते, पण ती ओळ वाचतो कोण? इथे येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी आधी फोन करून सांगतो की, करंजी करायचीच असेल तर सारण खसखशीशिवाय करा.

न्यू जर्सीतील वाचक

खसखशीची बाब मला ठाऊक नव्हती, आणि त्या मुद्द्यावर मी माझे म्हणणे मागे घेतो. पण सगळा भार प्रवाशावर का टाकायचा? 'परदेशी नेण्यासाठी खास पॅकिंग' अशी पाटी लावून जादा पैसे घेणाऱ्या दुकानदाराने हा पदार्थ कोणत्या देशात चालत नाही, एवढे तरी सांगायला नको का?

निवृत्त शिक्षिका, सांगली

दुकानदाराबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी पेढे घेतले तेव्हा ते कुठे न्यायचे आहेत, हे विचारले गेले होते, पण ते केवळ खोक्यावर प्लास्टिक गुंडाळण्यासाठी. मात्र लपवणारा सहज सुटतो, हे गृहीत धरू नये. जुलै 2022 मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत न सांगितलेले दोन मफिन आणि एक क्रोसाँ प्रशिक्षित कुत्र्याने शोधून काढले. त्यांत अंडी व मांस होते, आणि त्याला 2,664 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेल्या पदार्थासाठी 400 डॉलरचा दंड जागेवरच होतो. मी सांगितले म्हणून माझे फक्त पेढे गेले.

इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांसाठी माझ्या मुलीने केलेला उपाय सांगते. तिने मराठीत एक चिठ्ठी लिहून माझ्या पासपोर्टात ठेवली होती. खाण्याच्या प्रश्नापुढे कोणत्या चौकटीत खूण करायची, हे तिने चित्र काढून दाखवले होते, आणि खाली लिहिले होते, "आई, शंका आली तर 'होय'." परतीच्या विमानात माझ्या शेजारच्या आजींनी ती चिठ्ठी मागून घेतली.