रोव्हर चाचणी: खदान चालेल का?

ऐरोलीकर: कॉलेजचा चंद्रासाठीचा सहाचाकी रोव्हर (चाकांची यंत्रगाडी), १८ किलो, चाकाचा व्यास १५ सेंमी. चाचणीला तुर्भ्याकडच्या बंद खदानीत, दगडाच्या भुकटीवर चालवावा का? भुकटीत चाकं रुततात.

खडीवाला: परवानगी काढा, कड्याखाली उभे राहू नका. तिथला बेसाल्ट, म्हणजे काळा दगड, चंद्रावरच्या काळ्या डागांना जवळचा. चंद्राच्या उंच, उजळ भागासारखी माती करायला इस्रोने तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट हा फिकट खडक दळला होता. भुकटी मात्र कोरडीठाक हवी. ओलसर असली की दबून घट्ट होते, पकड उगाच चांगली दिसते.

बेअरिंगभाऊ: चाक जागीच किती फिरतं ती घसरण मोजा. चाकाच्या दहा फेऱ्यांत ४.७ मीटर जायला हवं, ३.३ च गेला तर घसरण ३० टक्के. चाकांच्या चाचणीला ३ किलोचा सांगाडा घ्या, चंद्रावर वजन एक षष्ठांश. तरी इथली भुकटी स्वतःच्या वजनाने घट्ट बसते, म्हणून आकडे थोडे गोडच येतात. आणि धूळ आत जाऊ नये म्हणून बेअरिंगला फेल्ट सील (नमद्याची चकती) लावाच!