स्टॅम्प्ड काँक्रीटच्या भेगा आणि सोलापूरची काळी माती
स्टॅम्प्ड काँक्रीटला, म्हणजे ओले असतानाच साच्यांनी दगडासारखी नक्षी उमटवलेल्या काँक्रीटला, वर्षभरात भेगा पडतात, म्हणून अंगणात शहाबादी फरशीच बरी, असे या चर्चेत दोघांनी लिहिले आहे. सीलरचा, म्हणजे वरच्या संरक्षक लेपाचा, थर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. भेगांचा दोष मात्र मी नक्षीला देणार नाही. सोलापुरात पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर थेट ओतलेला 100 मिलिमीटरचा थर, मग तो साधा कोबा असो वा नक्षीचा, तडकणारच. ती माती काढून, मुरूम भरून, पाणी मारून नीट दाबल्याशिवाय आणि सुमारे 3 मीटरवर थराच्या एक चतुर्थांश खोलीचे सांधे (तडा गेलाच तर त्या रेषेत जावा म्हणून पाडलेल्या खाचा) वेळेत कापल्याशिवाय हे काम करूच नये.

ऋतूचा मुद्दा कोणीच मांडलेला नाही. आमचे अंगण मे महिन्यात, सकाळी अकराला ओतायला घेतले. रंगाची आणि साचा चिकटू नये म्हणून टाकायची पूड पसरेपर्यंत फाटकाजवळचा भाग इतका घट्ट झाला, की साच्यांवर उभे राहून ठोकूनही दगडाची नक्षी उमटली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे वाळूचे वाफे करून पाणी साठवले, त्याचे पांढरट डाग रंगावर अजून आहेत; तेथे क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटमधला ओलावा उडू न देणारा द्रव) फवारायला हवे होते. मागची वाट आम्ही डिसेंबरात, फवारणीसह केली, आणि तिची नक्षी व रंग दोन्ही शेवटपर्यंत एकसारखे आले आहेत.