पिरॅमिड माणसांनीच बांधले आणि त्यांच्या नोंदीही सापडल्या आहेत

रेवा (धागालेखिका)

पिरॅमिड परग्रहावरून आलेल्यांनी बांधले, हा दावा एरिक फॉन डॅनिकेन यांच्या १९६८ सालच्या पुस्तकामुळे घराघरांत पोचला आणि आजही तो तितक्याच जोमाने फिरतो. २०२० मध्ये इलॉन मस्क यांनी तसं ट्वीट केलं, तेव्हा इजिप्तच्या मंत्री रानिया अल-मशात यांनी त्यांना पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या कबरी बघायला बोलावलं. मला ते उत्तर फार आवडलं, कारण वाद नेमका तिथेच मिटायला हवा.

२०१३ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पियेर तॅले यांच्या चमूला तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, गीझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवून घेणारा राजा खुफू याच्या काळातले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, सापडले. लिहिलेले याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. नाईलच्या पूर्व काठावरच्या तुरा इथल्या खाणीतून चुनखडक होडीत भरायचा, नदीतून आणि कालव्यांतून गीझाला पोचवायचा, मुक्काम कुठे पडला ते लिहायचं, मग परत तुरा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. वरचा अधिकारी म्हणून अंखहाफचं नाव येतं, तो खुफूचा सावत्र भाऊ. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाने आपल्या टोळीच्या कामाचा हिशेब चोख ठेवला, तो आपल्या हातात आला, आणि तरी आपण म्हणायचं की हे काम दुसऱ्याच कुणाचं! मला याचा राग येतो.

प्रदीप_का

रेवाताई, राग बाजूला ठेवून आकडे बघू. खुफूच्या पिरॅमिडमध्ये सुमारे २३ लाख दगड आहेत. वीस वर्षं, एकही सुट्टी न घेता रोज दहा तास काम धरलं तरी दर दोन मिनिटांना एक दगड बसायला हवा. राजाच्या दालनावरच्या ग्रॅनाईटच्या तुळया २५ टनांपासून पुढे, काही त्याहून कितीतरी जड, आणि त्या आस्वानहून आणलेल्या, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरवरून. बाजू खऱ्या उत्तरेशी इतक्या जुळतात की फरक अंशाच्या पंधराव्या भागाएवढाच. हे सगळं लोखंड न वापरता. मेरेरने दगड आणला, मान्य. तो दगड वर कसा चढला, हे त्याच्या रोजनिशीत नाही. मी परग्रहवासी पाहिलेत असं म्हणत नाही. सध्याचं स्पष्टीकरण अपुरं आहे, एवढंच म्हणतो, आणि असा प्रश्न विचारला म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

शोधयात्री

प्रदीपदादा, दोन मिनिटांचं गणित बरोबर आहे, पण त्यात एकच टोळी एका वेळी एकच दगड ओढतेय असं गृहीत धरलंय. टोळ्या अनेक होत्या. शिवाय आकाराचा विचार करा. पिरॅमिडच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीत ७० टक्के दगड बसतो. म्हणजे बहुतेक माल जमिनीपासून पन्नास मीटरच्या आतच चढवायचा होता, आणि त्यातला बराचसा चुनखडक शेजारच्याच खाणीतला. वरचं काम अवघड, पण तिथे दगडही थोडे.

ग्रॅनाईटबद्दल आस्वानलाच उत्तर पडलेलं आहे. तिथे सुमारे ४२ मीटर लांबीचा एक अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे टोकदार माथ्याचा एकसंध दगडी खांब, खडकातच राहिलाय. कोरताना तडा गेला, म्हणून सोडून दिला. डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून खडक खाली नेल्याच्या खुणा त्याच्या बाजूंवर दिसतात. तो पिरॅमिडांपेक्षा बराच नंतरचा, पण पिरॅमिडांच्या काळातही हीच पद्धत होती. कापणीसाठी दात नसलेली तांब्याची पाती आणि वाळू. खरं कापतात ते वाळूतले क्वार्ट्झचे कण, तांबं त्यांना फक्त फिरवतं. डेनिस स्टॉक्स यांनी या पद्धतीने ग्रॅनाईट कापून दाखवलंय. काम सावकाश होतं, पण होतं.

ओढण्याचं चित्र तर इजिप्शियनांनीच काढून ठेवलंय. देर अल-बर्शा इथे जेहुतिहोतेपच्या कबरीत, पिरॅमिडांनंतर सहाएक शतकांनी, प्रचंड पुतळा लाकडी स्लेजवरून (बिनचाकी घसरगाडीवरून) ओढणाऱ्या माणसांच्या रांगा रंगवल्यात, आणि स्लेजच्या पुढच्या टोकावर उभा एक जण समोर पाणी ओततोय. अॅमस्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोजून दाखवलं, की वाळू नेमकी हवी तितकी ओली केली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो.

कात्यायनी

उत्तर दिशेबद्दल थोडी भर. ग्लेन डॅश यांनी २०१६ मध्ये संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या, दिवशी शंकू (उभी काठी) रोवून, सावलीच्या टोकाच्या खुणा करून पूर्व-पश्चिम रेषा काढली. ती अगदी जवळ आली, आणि उरलेली चूक घड्याळाच्या उलट दिशेला होती. गीझाच्या मोठ्या पिरॅमिडांची चूकही त्याच दिशेला आहे. इजिप्तने हीच रीत वापरली असा हा पुरावा नव्हे, पण एक काठी आणि ऊन एवढ्यावर हे जमतं, हे त्यातून कळतं. शंकूच्या सावलीवरून दिशा काढणं आपल्या कात्यायन शुल्बसूत्रातही दिलंय.

निहारिका

मला एक खरंच पटत नाही. पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा योगायोग कसा मानायचा? आणि इजिप्तमधल्या अबायडॉसच्या मंदिरात कोरलेलं हेलिकॉप्टर?

गोफण

मीटर हे माप फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं, १७९० च्या दशकातलं. वर्तुळाचे ३६० अंश बॅबिलोनकडून आलेले. खुफूच्या लोकांची मोजणी हातांत, म्हणजे क्युबिटमध्ये. ज्याच्याकडे यातलं एकही एकक नव्हतं त्याने हा आकडा लपवला, असं मानावं लागेल. आणि पिरॅमिडचा पायाच २३० मीटर लांब. अक्षांशातला दशांश चिन्हानंतरचा सातवा आकडा म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या पायातून हवे ते शेवटचे आकडे सहज निवडता येतात.

अबायडॉसची गोष्ट त्याहून साधी. सेती पहिल्याच्या मंदिरातल्या एका तुळईवर त्याच्या पदव्या कोरल्या होत्या. मुलगा रामसेस दुसरा याने गिलावा भरून त्यावर आपल्या पदव्या कोरल्या. पुढे गिलावा गळला, दोन्ही कोरीव कामं एकमेकांवर दिसू लागली आणि त्या गुंत्याला यंत्राचा आकार आला. दोन्ही पदव्या आजही वेगळ्या करून वाचता येतात.

माळरान

रेवाताई, परग्रहाबद्दल तुमच्याशी सहमत. पण एक दंतकथा पाडताना दुसरी उभी राहू नये. गुलामांनी बांधलं हे चुकीचं ठरल्यापासून, खाऊनपिऊन आनंदाने काम करणारे कामगार असं चित्र रंगवलं जातंय. राजाच्या थडग्यासाठी गावोगावहून माणसं बोलावली जात. आपल्याकडे याला वेठ म्हणतात.

रेवा

माळरान, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला तो मान्य आहे. पुरावा काय सांगतो ते बघू. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि गीझाच्या पठारावर कामगारांच्या कबरी उजेडात आल्या. तिथल्या सांगाड्यांचे मणके झिजलेले, सांधे दुखावलेले आहेत. मोडलेली हाडं सांधून बरी झाल्याच्याही खुणा आहेत, म्हणजे उपचार होत होते. पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी उकरलेल्या कामगारवस्तीत भटारखाने मिळाले आणि गुरं, मेंढ्या, शेळ्या यांची हाडं ढिगाने मिळाली. सक्ती होती आणि पोटभर खायलाही होतं, दोन्ही खरं. ज्यांची पाठ मोडली त्यांच्या श्रमाचं श्रेय आकाशातल्या कुणाला देणं तर अधिकच वाईट.

आणखी एक. राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्या हॉवर्ड व्हाइस यांनी १८३७ मध्ये उघडल्या, तेव्हा दगडांवर लाल रंगात खुफूचं नाव आणि टोळ्यांची नावं दिसली. ती व्हाइस यांनीच रंगवली असा आरोप होतो. पण काही खुणा दोन दगडांच्या फटीत आत जातात. बांधकाम झाल्यावर तिथे कुंचला जाऊच शकत नाही.

वेरूळकर

आमच्या कैलास लेण्याबद्दलही हेच ऐकतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्याशी, म्हणजे आठव्या शतकाशी, ते काम जोडलं जातं. वेरूळ-अजिंठ्यात अर्धवट सोडलेली लेणी आहेत, छिन्नीचे घाव उघडे दिसतात, काम कोणत्या टप्प्यांनी चालायचं ते बघता येतं. पार्थेनॉन कुणी बांधलं, हा प्रश्न कुणी आकाशाकडे बघून विचारत नाही. इजिप्त, मेक्सिको आणि वेरूळ यांच्याच बाबतीत का विचारतात, याचा विचार प्रदीपदादांनी करावा.

प्रदीप_का

करतो. ते टोचलं, आणि टोचायला हवं होतं. तरी रॅम्पचा, म्हणजे दगड वर चढवायच्या उताराचा, प्रश्न मी सोडणार नाही. सरळ, वळणाचा की आतला, तज्ज्ञांचंही एकमत नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये गीझातल्याच खाफ्रे राजाच्या पिरॅमिडखाली शेकडो मीटर खोल खांब असल्याचं जाहीर झालं, त्याचं काय?

शोधयात्री

रॅम्पचा नेमका आकार ठरलेला नाही, हे खरंच. पण तुकडे जुळतायत. २०१८ मध्ये हातनूबच्या अॅलाबास्टर खाणीत खुफूच्याच काळातला एक तीव्र चढाचा रॅम्प मिळाला. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं. खांबांभोवती दोर घेऊन दोन्ही बाजूंनी ओढलं तर वाटतं त्यापेक्षा उभ्या चढावरूनही जड दगड जातो. आणि याआधीचे प्रयत्न डोळ्यांसमोर आहेत: सक्काराचा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड, मग खुफूचा बाप स्नेफ्रू याचा दहशूरमधला वाकडा पिरॅमिड, ज्याचा उतार अर्ध्यावर ५४ अंशांवरून ४३ वर आणावा लागला, मग तिथलाच लाल पिरॅमिड. शिकत शिकत गेलेत ते लोक.

खाफ्रेचा दावा उपग्रहांच्या रडारवर उभा आहे, आणि ते रडार घट्ट खडकात इतकं खोल बघू शकत नाही. याउलट म्युऑन (आकाशातून येणारे, दगडातून आरपार जाणारे सूक्ष्म कण) मोजून खुफूच्या पिरॅमिडमध्ये २०१७ मध्ये किमान ३० मीटर लांबीची पोकळी दाखवली गेली, आणि उत्तरेच्या दर्शनी भागामागचा नऊ मीटरचा बोळ २०२३ मध्ये कॅमेरा आत घालून प्रत्यक्ष पाहिला गेला. तुम्हाला न सुटलेलं कोडंच हवं असेल, तर ती ३० मीटरची पोकळी घ्या. ती कशासाठी ठेवली, यावर तज्ज्ञांत अजून वाद चालू आहे.