मदत हवी आहे: फ्लाय रॉडची फेक जमेना, आणि १ नोव्हेंबरला ट्राउट बंद

राम राम मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला. मलप्रभेत गळ टाकतच वाढलो. बांबूची काठी, तंगूस, शिशाची गोळी, मोरपिसाच्या देठाचं बूच आणि गांडूळ, एवढ्यावर पंचवीस वर्षं मरळ आणि शिंगाळे काढलेत. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर 'अगोदर साधा गळ शिका' म्हणणारे पहिले येतात.

आमचे भावोजी फौजेत होते. त्यांचा एक सोबती हिमाचलात बंजारजवळ राहतो, घराच्या खालनंच तीर्थन नदी वाहते. तीन वर्षं बोलावतोय. यंदा एकदाचं २४ ऑक्टोबरच्या गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, दिल्लीहून पुढं बसनं औट गावापर्यंत. प्रवास वजा जाता हातात चार दिवस राहतात, कारण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत तिकडं ट्राउट (गार पाण्यातला मासा) धरायला बंदी. परवाना सोबती काढून ठेवणार आहे. मासा धरून परत सोडायचा, एवढं ठरलंय.

पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून जुना फ्लाय रॉड, म्हणजे बनावट माशी फेकायची काठी, घेतला. नऊ फुटी, पाच नंबरच्या दोरीचा. आता गोची ऐका. दोरी हवेत फिरवली की मागं चाबकासारखा फट् आवाज येतो, आणि बघतो तर टोकाची माशी (गळावर बांधलेला बनावट किडा) गायब. तीन माश्या अशा गेल्या. उरलेल्या वेळी सगळी दोरी पुढ्यात शेवयांसारखी गोळा होऊन पडते. वैतागून काल शिशाची गोळी लावली. लांब गेली खरी, पण दुसऱ्या फेकीला तीच गोळी कानामागं बसली. बायको म्हणाली, हिमाचलला जायच्या आधी दवाखान्यात जाशील.

काय चुकतंय? आणि तिकडं थंडी पडायला लागलेली असणार, त्या पाण्यात माशी कुठली लावू?

प्रतिसाद १
मासा धरून परत सोडायला दोन दिवस रेल्वेत बसायचं? आमच्याकडं घटप्रभेला या, धरू आणि खाऊपण. रागावू नका हं.

प्रतिसाद २
वरच्या साहेबांकडं लक्ष देऊ नका. ट्राउट घटप्रभेत जगणारही नाही, त्याला बारमाही गार आणि खळाळतं पाणी लागतं. कुल्लूच्या बाजूलासुद्धा तो मूळचा नव्हेच, इंग्रजांच्या काळात १९०९ च्या सुमाराला आणून सोडलेला.

आता तुमचं दुखणं. गळात वजन शिशात असतं, तंगूस त्याच्यामागं फरफटत जातो. इथं वजन दोरीतच असतं. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. तुम्ही आठ-दहा फूट दोरी बाहेर काढून फेकत असाल, तर रॉड वाकणार कसा? निदान पंचवीस फूट सोडा.

फट् आवाज येतो तो घाईचा. दोरी मागं सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढं ओढता. गळवाल्याच्या हाताला थांबायची सवयच नसते, मलाही नव्हती. मान वळवून मागं बघा. दोरीची घडी उलगडत गेली, सरळ झाली, की मग पुढं. आणि पुढंही कुऱ्हाड घातल्यासारखा हात खाली आणू नका. डोळ्यासमोर खिळा ठोकताय असं समजा आणि तिथंच हात थांबवा. मनगट सैल सोडलं की शेवया होणारच. सरावाला माशी नको, लोकरीचा तुकडा बांधा, कान वाचेल.

ऑक्टोबर सरता सरता नदी उतरलेली असते आणि पाणी काचेसारखं. मासा तुम्हाला लांबून बघतो. तो तोंड प्रवाहाकडं करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगानं, वाकून जा. पहाटे उठून कुडकुडू नका. ऊन पाण्यावर आल्यावर, अकरा ते तीन, हीच खरी वेळ. गारठ्यात मासा तळाला, संथ डोहात बसतो. तेव्हा तरंगत्या माशीपेक्षा बुडणारी निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी माशी) न्या, पितळी मण्याची. फेजंट टेल आणि हेअर्स इअर या दोन जातीच्या, १४ ते १८ नंबरच्या गळावर, पुरे.

आणि इथं तुमचं मोरपीस कामाला येतं. निम्फच्या वर इंडिकेटर लावतात, तो म्हणजे तुमचं बूचच. पाणी जेवढं खोल त्याच्या दीडपट अंतरावर बांधा. फरक एवढाच की बूच प्रवाहाच्या चालीनंच वाहिलं पाहिजे. मधल्या जोरकस धारेनं दोरी ओढली की बूच पळतं आणि मासा तोंड फिरवतो. तसं दिसलं की दोरीचं पोट उचलून वरच्या अंगाला टाका. बूच बुडायची वाट बघू नका, नुसतं अडखळलं तरी उचला. पंचवीस वर्षं बुचाकडं बघणाऱ्याला हे मी काय सांगायचं.

एक मात्र कळकळीनं. ब्राउन ट्राउट याच सुमाराला अंडी घालायला लागतो, बंदी त्यासाठीच आहे. उथळ पाण्यात खडीचा घासल्यासारखा स्वच्छ, फिकट पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, तिथल्या जोडीवर माशीही टाकू नका. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा आणि मासा ओल्या हातानंच धरा.

धागाकर्ता
लई उपकार झाले. शाळेच्या पटांगणावर लाल लोकर बांधून तीन संध्याकाळी फेकली. परतीच्या पावसानं एक बुडाली. मागं बघायला लागल्यापासनं आवाज बंद झाला, काल विसातल्या अकरा सरळ पडल्या. पोरं गोल करून बसतात. एक जण विचारतो, "काका, मासा कुठं हाय ओ?"

शेवटचं एक. पाण्यात उतरायला शेतातले गमबूट चालतील काय?

प्रतिसाद २
अजिबात नको. गुडघ्यावर पाणी आलं की गमबूट भरतात, मग पाय उचलत नाही, आणि तिथले दगड शेवाळानं साबणासारखे असतात. वेडर (छातीपर्यंतची, पाणी न शिरणारी विजार) मिळाले तर कमरेला पट्टा घट्ट आवळा, नाहीतर काठावरूनच फेका, तीर्थन काही एवढी रुंद नाही. उतरायचंच झालं तर हातात काठी हवी.

धागाकर्ता
काठी आहे. बांबूचीच.