पिकअप सकाळी स्टार्टच घेत नाही: तुमचे अनुभव सांगा

पुण्यात कितीतरी धंदे अजून जुन्या पिकअपवर चालतात. टाटा २०७, जुनी बोलेरो पिकअप, कॅम्पर. नव्या गाडीला स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो. आपल्या गाड्यांना तो लावायला सॉकेटच नाही, तिथे कान, नाक आणि फार तर मल्टिमीटर. म्हणून हा धागा.

एकच विनंती. "गाडी चालू होत नव्हती" एवढंच लिहू नका. सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) फिरतच नव्हता, की फिरूनही इंजिन पकडत नव्हतं, हे आधी सांगा. पहिल्यासाठी वायरमन लागतो, दुसऱ्यासाठी डिझेलवाला. भलत्याच्या दारात गेलात तर तो त्याच्याकडचंच काहीतरी बदलून देतो.

सुरुवात मीच करतो. धायरीला नर्सरी आहे, गाडी २०७ डीआय. रात्री उभी केली की सकाळी सेल्फ दणकून फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. सायलेन्सरमधून धूर शून्य. ही खूण महत्त्वाची. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पेटत नाहीये. धूरच नसेल तर बहुधा डिझेलच पोचत नाहीये. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहिलं की तो हळूहळू कडक व्हायचा आणि मग गाडी एका सेल्फमध्ये चालू. म्हणजे रात्रीतून डिझेलची लाइन हवा घेत होती. गाडीखाली मात्र डिझेलचा थेंब नाही. कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल खेचणारा पंप) बाजू ओढीची. तिथे भेग पडली तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि उभ्या गाडीत लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं. एका ठिकाणी अख्खा इंजेक्शन पंप (इंजिनात डिझेल फवारायला दाब देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या मिस्त्रीने मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, त्यात बुडबुडे पळताना दिसले. टाकीवरच्या रबरी पाइपला क्लिपच्या बरोबर खाली केसाएवढी भेग होती. पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वॉशर नाना पेठेतून आणले, विषय संपला.

सासवडकर
आमचा सेल्फ फिरत नव्हता. बोलेरो पिकअप, सीताफळं भरून पहाटे मार्केट यार्डला निघायचं आणि चावी फिरवली की नुसतं 'टक'. हेडलाइट झकास, हॉर्न झकास. बॅटरीवाल्याने नवीन बॅटरी गळ्यात मारली, तरी 'टक'. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या वायरमनने जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या बॉडीला. "मार आता." मारला, तर सेल्फ गरकन फिरला! चॅसीपासून इंजिनला येणारा अर्थिंगचा पट्टा बोल्टखाली हिरवा पडून कुजला होता. हेडलाइटला जेमतेम आठ-दहा अँपिअर लागतात, सेल्फला शेकड्यांनी. कुजक्या पट्ट्यातून लाइटपुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही.

निवृत्त वायरमन, भवानी पेठ
सासवडकरांची गोष्ट मी आयुष्यभर बघत आलो. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब.

बॅटरीचंही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळली तर चार्ज करून पुन्हा बघा, तरीही कोसळली तर बदला. त्याआधी टर्मिनल बघा हो! पांढरा-हिरवा थर साचला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर तो फिरला, तर बहुतेक आतले कार्बन ब्रश झिजून संपलेत. हा उपाय गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. आणि स्क्रूड्रायव्हर लावून सेल्फ शॉर्ट करणाऱ्यांनो, आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक बघा. गिअरमध्ये असली तर गाडी सरळ अंगावर येते.

दिवे घाटवाला
उतारावर लावायची, दुसरा गिअर, क्लच सोडायचा. बाकी शास्त्र तुम्ही करा.

निवृत्त वायरमन, भवानी पेठ
चालेल, पण चावी ऑन ठेवूनच. आणि डिझेलच्या पंपावर इलेक्ट्रिक स्टॉप सोलेनॉइड (करंट मिळाला तरच डिझेलची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) असेल आणि बॅटरी ठार मेली असेल, तर कितीही ढकला, डिझेल सुटणारच नाही.

कर्वेनगरची अन्नपूर्णा
केटरिंगची गाडी आहे. सासऱ्यांची जुनी महिंद्रा, प्यूजोच्या तंत्रज्ञानाचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन. उन्हाळाभर गुणी बाळ, जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की पांढऱ्या धुराचे ढग आणि सोसायटीच्या शिव्या. या इंजिनाला हीटर प्लग असतात, थंडीत त्यांच्याशिवाय डिझेल पेटत नाही. मिस्त्रीने चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढली, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक एकेका प्लगला टेकवलं. दोन ठिकाणी दिवा लागलाच नाही. ते दोन मेलेले. सासरे म्हणाले, "दोन चांगले आहेत ना, मग?" चारही बदलले. हीटर असलेल्या इंजिनात एअर फिल्टरपाशी स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका, तापलेल्या प्लगवर त्याचा भडका उडतो.

मार्केट यार्ड, गाळा
उंदीर. चावी ऑन केल्यावर पंपावर बारीक 'टक' यायला हवा, आमच्याकडे येत नव्हता. स्टॉप सोलेनॉइडची वायर कुरतडलेली. फ्यूज मात्र शाबूत, म्हणून शोधायला वेळ लागला.

चाकण एमआयडीसी
पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून बघा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. आमच्या टाकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं आणि गाडी कायम उघड्यावर. फिल्टर बदलला की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. टाकी उतरवून धुतली तेव्हा थांबलं.

सासवडकर, तो अर्थिंगचा पट्टा कुठल्या मापाचा घेतलात? माझाही हिरवा दिसतोय.

सासवडकर
जुना काढून दुकानात घेऊन जा आणि शेजारी धरून घ्या. बोटभर लांब चालेल, ताणून बसवायचा नाही. चालू इंजिन हलतं, ताणलेला पट्टा बोल्टपाशीच तुटतो. आणि दोन्ही टोकांखालचा रंग, गंज घासून धातू उघडा केल्याशिवाय कसू नका.